तवाबी हाव

३ नोव्हेंबर, सोमवार

तूरडाळीच्या नऊशे पिशव्यांवर 'ऑक्टोबर' छापलं गेलं! रेणुका नवी आहे, मान्य. पण नवा महिना लागला की तारखेच्या शिक्क्यातलं महिन्याचं चाक फिरवायचं, हे मी तिला तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा "हाव म्याडम". सगळ्यांसमोर झापलं. रडली. रडून महिना बदलत नाही.

संध्याकाळी जनकाबाई ऑफिसात आली. सतरा वर्षं पॅकिंगला आहे, कधी जास्त बोलली नाही. "या महिन्यानंतर येत नाई म्याडम. मलकापूरच्या मिलात जाऊन राह्यली."

दसऱ्यापासून काम सोडणारी ही सहावी! काऊन, म्हणून विचारलं. नुसती हसली.

४ नोव्हेंबर, मंगळवार

मिलचे मालक भालचंद्र शेठ म्हणतात, जनकाबाई गेली तर पॅकिंग ठेकेदाराला देऊन टाकतो. म्हणजे उरलेल्या चौदा जणी घरी!

वर, पुण्याहून कोणी ट्रेनिंगवाली बोलावली आहे. कामगारांचं कामात मन लागावं म्हणून. मन! आधी वेळेवर येऊ द्या म्हणावं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

ट्रेनिंगवाली आरोही. माझ्या मुलीच्या वयाची. गोदामात सतरंजी टाकून सगळ्यांना खाली बसवलं — मलाही. "मॅडम, आज तुम्ही फक्त ऐकायचं."

मग बायकांना विचारलं, सांगितलेलं काम समजतं का?

"हाव!" एका सुरात.

"आणि नाही समजलं तर काय म्हणता?"

दीपमाला, सगळ्यांत तोंडाळ — "तवाबी हाव म्हनतो, ताई."

सगळ्या हसल्या. मी नाही.

"नाई म्हटलं त म्याडम म्हनते, कान कुठी ठेवून आली? त्यापरीस हाव बरं."

"मग काम येतं कसं?"

"जनकामावशी शिकवते नं! जेवनाच्या सुट्टीत. म्याडम हापिसात डबा खाते तवा."

बी.कॉम. झाले, वीस वर्षं या मिलमध्ये काढली. या बायकांना मी शिकवलं असं समजत होते!!

८ नोव्हेंबर, शनिवार

खरंच म्हणते का मी तसं? आज लक्ष ठेवलं. अकरा वाजेपर्यंत चारदा.

९ नोव्हेंबर, रविवार

जनकाबाईच्या घरी गेले. नांदुऱ्यातच, स्टेशनच्या पलीकडे — इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तिनं खुर्ची पुसून दिली, चहा ठेवला. म्हटलं, मिल सोडू नको, थांब. सुपरवायझर करते. शिकवायचं काम रीतसर तुझ्याकडे.

"कोनाच्या हाताखाली?"

"माझ्याच, दुसऱ्या कोणाच्या?"

"तुमी मानूस वाईट नाई म्याडम. पन तुमची चप्पल वाजली का पोरी हातातलं काम इसरतात. मी बी इसरते, अजून."

मग हळूच — "रेणुकाची चूक नोती. ते महिन्याचं चाक दिवाळीपासून अडकेल हाय. कोनाच्यानं फिरत नाई."

दिवाळीपासून! चौदा जणींना माहीत, आणि एकीनंही मला सांगितलं नाही! चहाचा कप खाली ठेवला. आणि त्या पोरीला मी —

"मी पॅकिंगला नसले, तर तुम्ही थांबाल?" तिला 'तुम्ही' म्हणाले, हे घरी आल्यावर लक्षात आलं.

तिनं पदराला हात पुसले. "थांबीन."

१० नोव्हेंबर, सोमवार

शेठना दोन ओळी लिहून दिल्या. पॅकिंग जनकाबाईंकडे द्यावं. मला गोदामाचं काम द्यावं.

म्हणाले, "गोदामावर दयाराम आहे. दुसरी जागा नाही, बाई."

कागद परत घेतला. दुसरी ओळ खोडली. तिथे 'माझा राजीनामा' लिहून पुन्हा त्यांच्यासमोर ठेवला.