लोहपंखाला गंज चढत नाही

१ फेब्रुवारी, रविवार. दुपार.

लोहपंख हरला.

चार चौकटींत हरला. पहिल्या चौकटीत उभा, दुसरीत धुकं, तिसरीत पंखांना गंज, चौथीत जमिनीवर आडवा. आणि हरवलं कुणी, तर धुकेश्वराने! ज्याला आजवर साधी बँक लुटायला दोन साथीदार लागायचे, त्या धुकेश्वराने. शेवटच्या पानामागे काहीतरी खुलासा असेल म्हणून पान उलटलं. साबणाची जाहिरात.

गंज म्हणे! अंक बाहत्तरमध्ये लोहपंख आठवडाभर समुद्राच्या तळाशी पडून होता. वर आला तेव्हा पंखांत तोंड पाहून भांग पाडता आला असता. म्हणजे हे कॉमिक काढणारे लोक स्वतःचे जुने अंक वाचत नाहीत. शाळेपासून ज्यांच्यावर विश्वास टाकला, त्यांनीच केसाने गळा कापला.

निषेध म्हणून आज जेवायचं नाही असं ठरवलं. जेवलो, पण एक शब्द बोललो नाही. बायको म्हणाली, आज घरात किती शांत वाटतंय.

३ फेब्रुवारी, मंगळवार. ऑफिस, लंच टाइम.

मार्ग सापडला. तोही कामातच.

सकाळी टेबलावर एका वॉशिंग मशिनचा विम्याचा क्लेम आला. पाइप फुटला, मशिन भिजलं, गंजलं. मी शेरा मारला : गंज हे हळूहळू होणारं नुकसान आहे, अपघात नव्हे, क्लेम नामंजूर. सही केली आणि पेन हातातच राहिलं. लोहपंखाचंही हेच की! गंज एका चौकटीत चढत नाही. अंकच नामंजूर!

रविवारी क्लबमध्ये ठराव मांडणार. 'सदर अंक खरा मानू नये. त्यातली लढाई झालीच नाही.' मग ठरावाची प्रत प्रकाशकाला. आमचा क्लब म्हणजे मी अध्यक्ष, आणि चार सभासद : टेलर, कंपाउंडर, ड्रायव्हिंग स्कूलच्या बाई आणि लिफ्ट दुरुस्त करणारा माझा मेहुणा. टेलरचं दुकान रविवारी बंद असतं, तेव्हा आम्ही त्याच्या मागच्या खोलीत बसतो. कोण कुणाला हरवेल यावर तिथे जेवढा खल होतो तेवढा आमच्या बोर्ड मीटिंगमध्ये होत नाही.

चारही मतं माझीच आहेत. पत्रात 'सर्वानुमते' असं टाइप करूनच ठेवलं. दहा प्रिंट काढल्या. ऑफिसच्या प्रिंटरवर, पण काम सार्वजनिक आहे.

५ फेब्रुवारी, गुरुवार. संध्याकाळ.

फॅन मेळाव्याच्या कॉस्च्यूमचं माप द्यायला टेलरकडे गेलो. यंदा पूर्ण लोहपंख : राखाडी पँट, चिलखत, पंख. कंबर चौतीस, मी सांगितलं. कॉलेजपासून चौतीस. व्यायाम न करता टिकवलेली कंबर आहे. टेलरने नेहमीसारखा टेप फिरवला, बरं म्हणाला आणि स्वतःशीच काहीतरी लिहून घेतलं.

मी ठरावाचं सांगितलं. तो खडूने कापडावर रेघ मारता मारता म्हणाला, लोखंड आहे रे, कधीतरी गंजणारच. आणि चित्रं मात्र झकास काढलीत हं.

मी हसून ऐकून घेतलं. पण मनात नोंद केली. शाळेत असताना लोहपंखाचा पहिला अंक आम्ही दोघांनी भागीत घेतला होता. एक आठवडा त्याच्याकडे, एक माझ्याकडे. कव्हर सुटलं तेव्हा यानेच वडिलांच्या मशिनवर निळ्या दोऱ्याने शिवून दिलं. तो माणूस आज म्हणतो चित्रं झकास!

८ फेब्रुवारी, रविवार.

लिहायला हात उठत नाही. पण क्रम ठेवला पाहिजे.

मतदान गुप्त घ्यायचं ही माझीच सूचना. उद्या कुणी म्हणायला नको की अध्यक्षाच्या धाकाने मतं दिली. टेलरकडची शर्टाची बटणं घेतली. पांढरं म्हणजे ठरावाच्या बाजूने, काळं विरुद्ध. बॉबिनचा रिकामा डबा घेऊन मी तो सगळ्यांसमोर उलटा करून दाखवला, आत बोटही फिरवलं. अध्यक्षाने मत द्यायचं नाही हा नियमही माझाच. एकेक जण पडद्याआड जाऊन बटण टाकून आला.

डबा उघडला. तीन काळी, एक पांढरं.

कुणी माझ्याकडे बघेना. कंपाउंडरने चहाचा विषय काढला. बाई म्हणाल्या की त्यांचा एक शिकाऊ खाली गाडीत बसून आहे, हँडब्रेक सोडेल. मेहुणा हेल्मेट पुसत बसला. मी 'सर्वानुमते'च्या दहा प्रती पिशवीत घातल्या आणि उठलो.

९ फेब्रुवारी, सोमवार.

शांतपणे विचार केला. विश्वासघात झाला हे खरं, पण एक माणूस इमानदार निघाला. तो कोण, हे शोधायचं. त्याला उपाध्यक्ष करायचं.

गद्दारांचा म्होरक्या कोण ते शोधायची गरजच नाही. 'चित्रं झकास!' बाकीच्या दोघांना त्यानेच फितवलं असणार. मनावर दगड ठेवला आणि टेलरला क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढून टाकलं. ग्रुपमध्ये एक सूचनाही टाकली की वैयक्तिक नात्यांपेक्षा लोहपंख मोठा आहे. कुणी काही बोललं नाही. मौन म्हणजे संमती.

१० फेब्रुवारी, मंगळवार.

इमानदार माणूस कंपाउंडरच, याची खात्री होती. औषधांची पुडी बांधताना एक गोळी इकडची तिकडे होऊ देत नाही. दवाखान्यात जाऊन त्याचे आभार मानले. तो ओशाळला. म्हणाला, साहेब, खोटं कशाला बोलू, मी काळंच टाकलं. आमच्या कपाटात असं काहीच नाही ज्याला एक्स्पायरी नाही, मग पंखांनाच कशी नसेल?

शिवाय माझं बीपी बघू का म्हणाला. बघू दिलं नाही.

म्हणजे मेहुणा. मला आधीपासून वाटतच होतं. नातं शेवटी नातं असतं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार.

मेहुण्याला नवं हेल्मेट घेऊन दिलं. लाल, काचेवर पट्टी असलेलं. हॉटेलात नेलं. त्याने दोन वेळा सूप मागवलं. मी हात हातात घेऊन म्हणालो की तू पाठीशी उभा राहिलास हे मी विसरणार नाही. त्याने सूप संपवलं आणि मग म्हणाला, भाऊजी, रागावू नका, मी काळं टाकलं. रोज लिफ्टच्या दोरांना गंज बघतो. दमट हवेत वेळ लागत नाही हो.

बिल मीच दिलं. हेल्मेट परत मागणं बरं दिसलं नसतं.

आता बाईच उरल्या. खरं तर पहिल्यापासून माझा कल बाईंकडेच होता. ज्या बाई लोकांना गाडी मागे घ्यायला शिकवतात, त्या स्वतः मागे कशा हटतील?

१५ फेब्रुवारी, रविवार.

मीटिंग आमच्या घरी ठेवली, कारण टेलरला काढल्यावर टेलरची खोलीही गेली, हे सोमवारी लक्षात आलं नव्हतं. बायकोने इस्त्रीचे कपडे खुर्च्यांवरून उचलायला नकार दिला. चार वाजता एकट्या बाई आल्या. कंपाउंडरची ड्यूटी, मेहुण्याची कुठेतरी लिफ्ट अडकलेली.

मी उभं राहून छोटंसं भाषण केलं. निष्ठा म्हणजे काय, वगैरे. बाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की त्यांचं बटण काळं होतं, आणि आपला टेलर कुठे दिसत नाही तो? तुमचं त्याचं काही वाजलं का?

बाई गेल्यावर हिशोब मांडला. कंपाउंडर काळं. मेहुणा काळं. बाई काळं. टेलर तर काळाच. म्हणजे चारही काळी, आणि वर एक पांढरं. चार माणसांत पाच बटणं! पण डब्यात निघाली चारच, म्हणजे कुणीतरी बटण टाकलंच नाही. असा आळशी माणूस एकच, टेलर! मग पांढरं? ते जुनं, डब्याच्या तळाशी चिकटलेलं असणार. डबा कुणाचा, तर टेलरचा. एक डबा याला साफ ठेवता येत नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार.

बायको तिचा कोट आणायला टेलरकडे गेली होती. येताना त्याने माझी कॉस्च्यूमची पँट तिच्याकडे दिली. तयार. पंख आणि चिलखत बाकी आहे, राहिलेलं शिवू का, असं विचारलंय. गद्दाराच्या हातचं नको, असा निरोप धाडायला सांगितलं. तिने धाडला नाही. म्हणाली, तुमचे निरोप तुम्ही द्या.

संध्याकाळी बाजारातल्या दुसऱ्या टेलरकडे गेलो. मोठं दुकान, काचेचा दरवाजा, पंधरा-वीस गिऱ्हाइकं. त्याने टेप लावला आणि कारागिराला ओरडून सांगितलं, कंबर एक्केचाळीस!

सगळं दुकान वळून माझ्याकडे बघायला लागलं. मी म्हणालो, टेप ताणला गेलाय. त्याने दुसरा आणला. मी श्वास रोखून धरला. तरी एक्केचाळीस. मी म्हणालो, माझा टेलर वीस वर्षं चौतीस शिवतोय आणि मला एकही पँट कधी घट्ट झालेली नाही. तो म्हणाला, मग तुमचा टेलर फार भला माणूस आहे.

माप न देता निघालो. लोक उलटं बोलायला शिकलेत.

२० फेब्रुवारी, शुक्रवार. रजा घेतली.

कपाटातल्या सगळ्या पँटी पलंगावर काढल्या आणि फूटपट्टीने मोजल्या. लग्नातली पँट चौतीस. त्यानंतरची छत्तीस. मग अडतीस, एकोणचाळीस, असं करत काल आलेली एक्केचाळीस. आणि प्रत्येक पँटच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला टेलरच्या अक्षरात आकडा, सगळीकडे एकच : ३४.

बायको दारात उभी होती. तिला म्हटलं, हे बघ! वीस वर्षं या माणसाने मला अंधारात ठेवलं! ती म्हणाली, मला माहीत होतं. म्हणाली, तुम्ही ऑफिसात असताना जुन्या पँटी त्याच्याकडे उसवायला मीच द्यायचे. तो म्हणायचा, वहिनी, तो चौतीस म्हणतोय ना, मग चौतीसच. आपण शिवायचं ते बसेल असं शिवू.

म्हणजे तीसुद्धा सामील! घरात, दुकानात, चहूबाजूंनी कट! रागाच्या भरात पँटी परत कोंबायला लागलो. कपाट बंद होईना. पलंगाच्या कडेवर बसलो.

बसल्या बसल्या डबा आठवला. तो मी उलटा करून दाखवला होता. आत बोट फिरवलं होतं. तळाशी काहीही चिकटलेलं नव्हतं.

टेलर लोखंड गंजणारच म्हणाला होता. आणि पडद्याआड जाऊन पांढरं टाकून आला होता.

२१ फेब्रुवारी, शनिवार.

क्षमापत्र तयार केलं. म्हणजे त्याला क्षमा करण्याचं. अध्यक्षाने माफी मागणं घटनेत बसत नाही. 'सदर सभासदाला सन्मानाने परत घेण्यात येत आहे.' उपाध्यक्षपदही देऊ केलं.

सकाळी त्याला ग्रुपमध्ये परत घेतलं. चहा पिऊन होईपर्यंत तो बाहेर पडला होता. चुकून बटण दाबलं गेलं असणार. त्याची बोटं जाड आहेत.

ते पत्र चार वेळा वाचलं. पाचव्यांदा वाचवेना. फाडलं.

२२ फेब्रुवारी, रविवार.

बोलायला काहीतरी निमित्त हवं, म्हणून ऑफिसची जुनी पँट पिशवीत घेतली. ती हल्ली खरोखरच घट्ट होते.

दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. बाहेर बूट. एक जोड कंपाउंडरचा, एक बाईंचा. शटरच्या हुकाला लाल हेल्मेट अडकवलेलं, काचेवर पट्टी असलेलं. म्हणजे लिफ्ट सुटली होती. ड्यूटीही संपली होती. मला कुणी कळवलं नव्हतं.

आत वाद रंगला होता. मेहुणा म्हणत होता की धुकेश्वर कधीही जिंकला असता. कंपाउंडर हसत होता. आणि टेलर ओरडून सांगत होता की असं कसं, अंक बाहत्तर विसरलात का, आठवडाभर समुद्रात होता माणूस! माझा मुद्दा. माझ्याच शब्दांत. बाई म्हणाल्या, अहो, तुम्हीच तर गंजतं म्हणायचा. तो म्हणाला, हो, पण त्याच्या बाजूने कुणीतरी बोलायला नको का?

हे ऐकून मी शटर वाजवलं. आता सगळं सुरळीत होईल असं वाटलं.

टेलर वाकून बाहेर आला. गळ्यात टेप. मला बघून थांबला. मला माफ कर म्हणायचं होतं. तोंडातून निघालं की पँट घट्ट होतेय, जरा सैल करून दे.

त्याने पिशवीतून पँट काढली, उलटी केली, कमरेच्या मागची शिवण उजेडाकडे धरली, अंगठ्याने चाचपली. मग म्हणाला, यात आता काही होणार नाही. दर वेळी आतलं मार्जिन उसवत गेलो. आत कापडच शिल्लक नाही.

मी म्हणालो, मग नवीन कापड आणतो. एक्केचाळीसच्या हिशोबाने आणतो. हा आकडा मी पहिल्यांदाच मोठ्याने बोललो. मला वाटलं, तो निदान हसेल.

त्याने पँटची नीट घडी घातली, पिशवीत ठेवली, पिशवी माझ्या हातात दिली. म्हणाला, उद्या आण, दहानंतर. रविवारी दुकान बंद असतं.

आणि वाकून आत गेला. थोड्या वेळाने वाद पुन्हा सुरू झाला. मी बाजूच्या पायरीवर बसून ऐकला. लोहपंखाची बाजू तो चांगली मांडत होता, एक-दोन मुद्दे राहिले, पण चांगली मांडत होता.

उद्या अर्ध्या दिवसाची रजा टाकतो.