कोरड्या टेकडीचा मध्यस्थ

३ मार्च, सोमवार
अखेर निवड झाली! ऑनलाइन ज्ञानकोशातल्या ‘कोरड्या टेकडीची लढाई’ या लेखावरच्या वादात मी अधिकृत मध्यस्थ. (अर्ज माझा एकट्याचाच होता, पण निवड ती निवड.) ‘तोफखाना’ नावाचा सदस्य लिहितो, आपल्या सैन्याने शौर्याने टेकडी राखली. ‘तळटीप’ नावाची सदस्या ते खोडून लिहिते, आपलं सैन्य पळालं. दीड वर्ष हेच चाललंय. शुक्रवारपर्यंत मिटवतो. ऑफिसात माझं कोणी ऐकत नाही, घरी तर बोलायलाच नको. इथे ऐकावंच लागेल.

मध्यस्थाला नियम एकच: लेखाला स्वतः हात लावायचा नाही. सोपं आहे.

४ मार्च
दोघांना स्वागताचा मेसेज पाठवला. सौजन्य, संयम, पूर्वग्रह वगैरे. नऊ परिच्छेद. बायको म्हणाली, एवढं लांबलचक कोणी वाचत नाही. तिला या क्षेत्राची कल्पना नाही.

५ मार्च
तोफखान्याने वाचलं नाही, तसं त्याने कळवलं. तळटीपने वाचलं आणि माझ्या प्रत्येक वाक्याला पुरावा मागितला. संवाद सुरू झाला म्हणायचा.

७ मार्च, शुक्रवार
मुदत वाढवली. मीच घातली होती, मीच वाढवली.

‘शौर्याने’ हा एक शब्द काढा, अशी तोफखान्याला विनंती केली. तो म्हणाला, मी शत्रूला फितूर आहे. मग तळटीपला विचारलं, ‘पळालं’च्या जागी ‘मागे सरकलं’ चालेल का? तिच्या मते मी तोफखान्याचा चमचा. दोन्हीकडून शिव्या, म्हणजे मी बरोबर मध्यभागी आहे.

९ मार्च, रविवार
सासरे त्या लढाईत होते. ट्रक चालवायचे. आज जेवताना आपणहून सांगायला लागले. दाट धुकं होतं, आपले लोक घाबरून टेकडीच्या एका बाजूने उतरले, समोरचे दुसऱ्या बाजूने. सकाळी वर कोणीच नव्हतं. मी त्यांना आदरानेच थांबवलं. म्हटलं, बाबा, याला छापील संदर्भ आहे का? नसेल तर नियमात बसत नाही. ते ताटावरून उठून गेले. आजवर त्यांनी त्या लढाईबद्दल चकार शब्द काढला नव्हता, असं बायकोने नंतर सांगितलं. वाईट वाटलं. पण न्यूट्रल माणसाला घरचं-बाहेरचं नसतं.

१२ मार्च
चर्चापानावर एकोणचाळीस नवे मेसेज. मला उद्देशून एकही नाही. डोकं भणभणतंय.

१४ मार्च, शुक्रवार. दुपारी १.१०
लंच टाइममध्ये लेखात स्वतःच लिहून टाकलं. नियम ठाऊक आहे, पण कोणीतरी मोठेपणा घ्यायला हवा. सगळा मजकूर काढून एकच निःपक्षपाती वाक्य ठेवलं: ‘दोन्ही सैन्ये टेकडीवर होती; नंतर नव्हती.’ यात कोणाला काय खुपणार?

दुपारी १.२५
दोघांनाही खुपलं. तळटीप विचारतेय, संदर्भ काय? ‘सासरे’ असं टाइप केलं. खोडलं.

१६ मार्च, रविवार
तोफखाना आणि तळटीप यांनी माझ्याविरुद्ध संयुक्त तक्रार केली. दीड वर्षातलं पहिलं एकमत. अॅडमिनने मला या लेखावरून कायमचं हटवलं. त्याखाली तोफखान्याने लिहिलं, सुंठेवाचून खोकला गेला. तळटीपने या वाक्याला पुरावा मागितला नाही.

१७ मार्च
लेख उघडून पाहिला (पाहायला बंदी नाही). मी गेल्यावर वीस मिनिटांत दोघांनी मिळून चार परिच्छेद लिहिलेत. चांगले लिहिलेत. राग आला, आणि खरं सांगायचं तर रडूही आलं. चर्चापानावर शेरा आहे: वाद मिटला.

संध्याकाळी बायकोने विचारलं, त्या भांडणाचं काय झालं? मिटलं म्हणालो. ती इतकी खूश झाली की लगेच बहिणीला फोन करून सांगायला लागली, यांनी मिटवलं म्हणून. दुरुस्ती करायला मला बंदी आहे.