अदलाबदलीचं चूर्ण

४ मार्च

चि. नर्सबाईस, आजीचे पोटभर आशीर्वाद.

आज सकाळीच उगवले ते घड्याळाच्या दुकानवाले भावोजी, मागून उन्हाची छत्री मिटत वहिनी. भावोजी आल्या आल्या डोकं पुढे करून म्हणाले, बघा, टकलावर कोवळे केस फुटलेत! मी चष्मा लावून पाहिलं. नुसतं चकाकत होतं. असो. मुद्द्याचं राहिलंच. तुझ्या आजोबांना सारखी लघवी लागते, धार बारीक, रात्रीची झोप नाही. प्रोस्टेट का पोस्टेट कायशी गाठ वाढते, ती असणार म्हणे. भावोजींनी मागेच त्यावर जडीबुटीचं चूर्ण आणून दिलंय. गुण आहे, असं आजोबा सांगतात. पण तुझ्या बाळाला बघायला बसने जाऊ म्हटलं की शिलाई मशीनमागे दडी मारतात! झबलं कधीचं शिवून टांगलंय. बाळाला मिशा फुटेपर्यंत टांगलेलंच राहणार बहुतेक. चूर्ण दुप्पट देऊ का गं?

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी आजी

९ मार्च

ती. आजीस सा. न. वि. वि.

दुप्पट अजिबात नको! अशा जडीबुटीवर मोठे अभ्यास झालेत. सगळ्यात जास्त खपणाऱ्या औषधाचा गुण नुसत्या पिठाच्या गोळीइतकाच निघाला, बाकीच्यांचाही पुरावा तोकडाच आहे. औषध घेतोय या भरवशानेसुद्धा माणसाला बरं वाटतं. आणि तपासल्याशिवाय प्रोस्टेटच आहे हे ठरवलं कुणी? डॉक्टरांकडे ने, चूर्णाची पुडीही दाखव. संध्याकाळनंतरचा चहा बंद. लघवी पार अडली, तर मात्र तडक दवाखाना गाठायचा. बाळ झबल्यासाठी अडून बसलंय म्हणावं.

लोभ बाळासकट वाढावा.
तुझी नात

१० एप्रिल

चि. नर्सबाईस, बाळाला आधी पापा, मग तुला आशीर्वाद.

अगं, काय सांगू! डॉक्टरीणबाईंनी पुडीवरचं बारीक अक्षर वाचलं आणि तोंडाला रुमाल लावला. ते केस वाढवायचं चूर्ण होतं! भावोजींनी दोन पुड्या आणलेल्या, स्वतःची आम्हाला दिली आणि आमची स्वतःकडे ठेवली. म्हणजे आजोबा केसांचं चूर्ण पिऊन लघवीला गुण सांगत होते आणि भावोजी लघवीचं पिऊन आरशात केस शोधत होते! वहिनी हसता हसता खुर्चीवरून घसरल्या. आजोबा जरा फुगले, मग तेही हसले.

तपासण्या झाल्या. साधीच वाढ आहे, भिण्यासारखं काही नाही. गोळ्या दिल्यात, आता रात्री निवांत घोरतात, झोप माझी उडालीय. काल आपण होऊन झबलं खाली काढलं, इस्त्री केली आणि रविवारच्या बसची तिकिटं घेऊन आले. मधे थांबणारी बस, कडेची जागा, सगळं विचारून.

उरलेली माया समोर बसून देईन.
तुझी आजी

ता. क. भावोजी-वहिनी शनिवारी पुन्हा येणार आहेत, आम्ही तुझ्याकडे असताना घर सांभाळायला किल्ली न्यायला.