काच चार बोटं खाली

४ एप्रिल
गाडीचा एसी बिघडला. म्हणजे सासूबाईंच्या मते. गुडघ्याच्या व्यायामाला नेताना बाहेर बेचाळीस अंश. "जावईबापू, हा एसी आहे की कुणी फुंकर घालतंय?" बायको जाऊन सहा वर्षं झाली; तेव्हापासून घरात आम्ही दोघंच. त्यामुळे तक्रार ऐकायलाही मीच.

५ एप्रिल
गॅरेजात गेलो. एसीचं काम करणारी मेकॅनिक बाई निघाली! पंचेचाळिशीची, चष्मा डोक्यावर, कोपरापर्यंत ऑइल. एसीच्या झडपेत थर्मामीटर खुपसला — नऊ अंश. एसी ठणठणीत.
मग समजावलं. एसी थंडी तयार करत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. गॅस आत फिरताना ती शोषतो आणि बॉनेटखालच्या जाळीतून सोडून देतो. बाहेरच भट्टी असेल तर टाकणार कुठे? "गाडीत बाहेरपेक्षा पंधरा-वीस अंश कमी, सर. त्यापुढे तोही हात टेकतो."
मी भूगोल शिकवतो. मान डोलावली. निम्मं डोक्यावरून गेलं. चष्मा तिला शोभतो.
(हे कशाला लिहिलं?)

७ एप्रिल
तिच्या सांगण्याप्रमाणे सगळं केलं. उन्हात तापलेली गाडी — आधी काचा उघडून कोंडलेली वाफ घालवली, मग बंद, मग आतलीच हवा फिरवायचं बटण. मी गारठलो. मागून सासूबाई — उकडतंय. परत दाखवा म्हणाल्या. त्याच बाईंना.

९ एप्रिल
दाखवलं. जाळीत धूळ, पिसं, एक अख्खा चतुरही. तिने जाळी धुतली, पाइप मी धरला. पाणी उलटं माझ्याच अंगावर. ती हसली. मीही. शाळेत कुणी विचारलं नाही शर्ट ओला का, बरं झालं.

१० एप्रिल
सासूबाईंना अजून उकडतंय.

१४ एप्रिल
तिसरी खेप. मेकॅनिकबाई म्हणाली, मी स्वतः बसून बघते. मी गाडी चालवतोय, शेजारी ती, मागे सासूबाई. वीस मिनिटं झाली तरी मागच्या सीटवरचा पारा उतरेना. पंखा बघितला, बटणं बघितली, कपाळाला आठ्या. मग ती मागे वळली.
सासूबाईंच्या बाजूची काच चार बोटं खाली. वर शालीचा पडदा.
"मावशी, काच उघडी आहे."
"असू दे. जावयांना सांगू नका."
जावई दोन हातांवर, स्टिअरिंग धरून बसलेला!
मेकॅनिकबाईने पुढे तोंड वळवलं. कानापर्यंत लाल झाली होती. बहुधा उन्हाने.

१५ एप्रिल
सासूबाईंना विचारलं, का? भाजी निवडत होत्या, मान वर केली नाही. "पहिल्या दिवशी खरंच उकडत होतं. पण गॅरेजातून आलात आणि अर्धा तास त्या जाळीबद्दल बोलत बसलात. सहा वर्षांत इतकं बोलला नव्हता. गेली ती माझी लेक होती, जावईबापू. म्हणून मीच सांगते — जा."
उद्या शाळेनंतर जातोय. गाडीला काहीही झालेलं नाही.