उलटा गुंडाळलेला धागा

बाबा, आज रविवार आहे. आत्ता तिची पोरगी यवतमाळच्या मैदानावर उभी असेल आणि तिच्या हातात तेच धनुष्य असेल. शाळेनं ते केव्हाच मोडीत काढलं होतं, तेव्हा तिनं, मेकॅनिकच्या पोरीनं, ते उचलून घरी नेलं. मेकॅनिकची पोरगी म्हणजे कोण, हे तुम्हाला सांगायला नको. नाव मी लिहीत नाही. तुम्ही तरी तिला कुठं नावानं हाक मारायचे? तिला 'बेटा' म्हणायचे आणि मला नावानं, तेही हजेरी घेतल्यासारखं आडनावासकट. आता तुमच्याच शाळेत मीही खेळ शिकवते, मीही हजेरी घेते, पण पोटच्या पोरीला आडनावानं हाक मारायचं अजून मला जमलेलं नाही.

गुरुवारी शाळा सुटल्यावर ती आली. वडलांचं ट्रॅक्टरचं गॅरेज आता तीच चालवते. बोटांच्या रेघांत ग्रीस असतं आणि तरी तिचे हात चांगले दिसतात, हेही मला खुपतं. सोबत तिची चौदा वर्षांची मुलगी आणि खांद्यावर धनुष्याची ती जुनी कापडी बॅग. तिनं बॅग सरळ ओट्यावर ठेवली, स्वतःचं घर असल्यासारखी. म्हणाली, "रविवारी निवड हाय हिची. बाहेर दाखोलं तं लोकं धाग्याच्या जागी दोरीवर पितळेची क्लिप दाबून देते अन् झालं म्हणते. सर असते तं हाकलून देल्लं असतं त्यायले. सरचा हात आता तुह्याजवळच हाय, तूच लावून दे." मी चहाचं आधण ठेवलं. तेवढ्यात ती मुलगी मोठ्या कौतुकानं म्हणाली, "आंटी, तुमच्या बाबांकडून जिंदगीत एकच धागा चुकला होता ना? अम्मीच्या निवडीच्या दिवशी?" "चूप बैस," तिची आई तिच्यावर एवढ्या जोरात खेकसली की पोरगी कावरीबावरी झाली. मी आधणाकडं बघत राहिले. गावात तुमच्याबद्दल बोलताना लोक दोन गोष्टी सांगतात, सर लय भारी होते आणि सरांकडून एकदा धागा चुकला. ती चूक तुमची नव्हती. हे मला माहीत होतं आणि तुम्हाला माहीत होतं, आणि अठ्ठावीस वर्षं मी समजत आले की तिसऱ्या कुणाला माहीत नाही.

धनुष्य शाळेत आलं तो दिवस तुम्हाला आठवत असेल. कुणा माजी विद्यार्थ्यानं दिलेलं, तीन तुकड्यांचं, टोकं पुढं वळलेलं लाकडी रिकर्व्ह. तुम्ही ते शाळेत नाही, आपल्या स्वयंपाकघरात उघडलं, कारण ओटा सपाट होता आणि खिडकीतून उजेड यायचा. आई म्हणाली, "भाकरी कुठं थापू मी, तुमच्या डोक्यावर?" तुम्ही ऐकलंच नाही. मधली मूठ हातात घेतली, वर-खाली दोन पाती बसवली, स्क्रू आवळले. मी पुढं झाले आणि हातात घेतलं. तुम्ही हळूच काढून घेतलं आणि म्हणालात, "हे उजव्या हाताचं हाय. बाण ठेवाची खाच पाह्य, एकाच बाजूनं कापेल हाय. तू डावरी. तुह्यं वाकडं जाईन." माझ्यासाठी तुम्ही बांबूचं केलं, ज्याला खाचच नव्हती, कुठल्याही हातानं ओढा. चांगलं होतं हो ते, मी खोटं बोलणार नाही. पण दुसऱ्या दिवशी तिनं ते रिकर्व्ह पहिल्यांदा हातात धरलं आणि तुमच्या चेहऱ्यावर जे आलं, ते माझ्या बांबूसाठी कधी आलं नाही. पोरीच्या जातीला असं काही दिसलं की ते मरेपर्यंत दिसत राहतं.

मग रोज संध्याकाळी तेच. तुम्ही दोरी चढवताय, ती धनुष्य धरून उभी आहे, मी भाजी निवडतेय. दोरी आणि मूठ यांच्यात अंतर किती हवं, तर एक मूठ आणि वर ताठ अंगठा. कमी पडलं तर दोरी उतरवून चार पीळ वाढवायचे, जास्त झालं तर सोडवायचे. पण अंगठ्याचं माप नुसतं सुरुवातीला. पुढचं सगळं कानावर. "धनुष्य गप झालं पाह्यजे," तुम्ही म्हणायचे. "सोडल्यावर फडफडते, खणखणते, म्हणजे त्याचं काईतरी दुखून राह्यलं." दोन पीळ, एक बाण. पुन्हा दोन पीळ, एक बाण. परसात चिंध्या भरलेलं पोतं टांगलेलं असायचं, त्याच्यावर. मला तर सगळे आवाज सारखेच वाटायचे. तिला कळायचं. लहानपणापासून बापाच्या गॅरेजात इंजिनं ऐकलेली पोरगी. डोळे मिटून म्हणायची, "सर, आत्ता बरोबर." आणि तुम्ही एवढे खूश व्हायचे, "वा बेटा." एकदा मीही डोळे मिटले आणि आधीच म्हणून टाकलं, आत्ता बरोबर. तुम्ही हसून म्हणालात, "तू भाजी पाह्य, जळून राह्यली." भाजी खरंच जळत होती, ते वेगळं.

सगळ्यात शेवटी लाल धागा. बाणाचं बूड दोरीवर नेमकं कुठं बसवायचं, त्या खुणेसाठी. तुम्ही सुताराचा छोटा गुण्या दोरीला लावायचे, काटकोनाच्या जरा वर पेन्सिलीची खूण करायचे आणि मेण चोळलेला धागा गुंडाळायचे, एकाला एक चिकटून, पोळीच्या पदरांसारखा. मग ती परीक्षा. पिसं काढून टाकलेला एक बाण दहा पावलांवरून सोडायचा. पिसं बाणाचे दोष झाकतात, तुम्ही सांगायचे, बिनपिसांचा बाण लबाडी करत नाही. पोत्यात शिरल्यावर त्याचं शेपूट वर राहिलं की धागा खाली घ्या, खाली राहिलं की वर. निवडीच्या आदल्या संध्याकाळी तिचा बाण पोत्यात असा सरळ शिरला की तुम्ही त्याला हात लावला नाही. नुसते उभे राहून बघत होते. रात्री जेवताना आईला म्हणालात, "एवढं जमलेलं काम म्या आजपावतो केलं नाही." मी समोर बसले होते, बाबा. चौदा वर्षांची. तुमचं जमलेलं काम म्हणून मी कुठं मोजले गेले नव्हते.

सकाळी तुम्ही आंघोळीला गेले, आई नळावर. धनुष्य खिडकीशी टेकवलेलं. मी लाल धागा ब्लेडनं कापला आणि तोच रीळ घेऊन नवा गुंडाळला, ज्वारीच्या एका दाण्याएवढा खाली. फार खाली घेतला असता तर डोळ्यांत आलं असतं. हात कापत होते म्हणावं, तर तसंही नाही. छान घट्ट गुंडाळला, मेणही चोळलं. तुमचंच बघून शिकले होते. एवढंच लक्षात आलं नाही की मी डावरी, माझा धागा उलट्या बाजूनं फिरतो. तुमचा जिकडून सुरू व्हायचा, माझा तिकडं संपला होता.

मैदानावर तिचा पहिला बाण मुठीवर खट्‌ वाजून उसळला. दुसराही. तिनं थांबून दोरीकडं पाहिलं, मग तुमच्याकडं, मग ओळीत उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांकडं. आणि पुढचे बाण तसेच मारले, खालून अंदाज बांधत बांधत. शेवटचे दोन तर मधल्या पिवळ्यात लागले, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. अमरावतीला दुसरीच पोरगी गेली. मी सातवी आले, हे कुणी विचारलं नाही म्हणून सांगते. तुम्ही तिच्या हातून धनुष्य घेतलं आणि अंगठा धाग्यावरून फिरवला. एकदाच. तेवढ्यात तुम्हाला कळलं, मला तुमच्या खांद्यांवरून दिसलं. वाटलं, आता इथंच चारचौघांत मुस्काटात बसणार. आणि तुम्ही सगळ्या मास्तरांसमोर तिला म्हणालात, "माह्यीच चूक झाली बेटा. धागा म्याच खाली बांधला." परतीच्या एस.टी.त तुम्ही तिच्या शेजारी बसले. मी मागच्या सीटवर बसून तुमची मान बघत पुसदपर्यंत आले.

घरी आल्यावरही तुम्ही रागावला नाहीत. रागावले असते तर मी रडले असते, पाया पडले असते, संपलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही लाल धाग्याचा रीळ माझ्या हातात दिला आणि म्हणालात, "हा आता तुह्याजवळ ठेव. इथून पुढं शाळेचे सगळे धागे तूच बांधशीन." बस. ती शिक्षा होती की बक्षीस, हे मला तेव्हा समजलं नाही. बांधले मी, तुम्ही होता तोवर आणि तुमच्यानंतरही. तिचाही बांधला. ती माझ्यासमोर धनुष्य धरून उभी राहायची.

तर गुरुवारी ती बॅग ठेवून गेली आणि शुक्रवारी मी कामाला बसले. पाती अजून सरळ आहेत, बाबा. काम झालं की दोरी उतरवायची, हा तुमचा नियम तिनं एक दिवस मोडला नसावा. नवी दोरी चढवली, मूठ आणि अंगठा मोजला, परसात उभी राहून, आता सवय झाली तसं उजव्या हातानं ओढून, ऐकत राहिले. मला अजूनही तिच्यासारखं ऐकू येत नाही. दोन पीळ, एक बाण, असं तासभर चाललं. मध्ये एकदा मनात येऊन गेलं की एवढं कशाला, बरंच झालंय की, तिच्या पोरीला काय कळतंय. आलं ते सांगते. पण बिनपिसांचा बाण सोडला, शेपूट जरासं वर राहिलं, आणि मला राहवेना. दाण्याच्या चौथाईएवढा धागा खाली घेतला. पुन्हा सोडला. या वेळी तो असा सरळ शिरला की मीही हात लावला नाही. आजूबाजूला बघितलं, कुणी बघतंय का म्हणून. कोण असणार.

मेण शोधायला बॅगचा बाजूचा कप्पा उघडला, तर आत प्लास्टिकच्या पिशवीत एक जुनी दोरी होती, गुंडाळून ठेवलेली. तिच्यावर लाल धागा. रंग विटलेला, पण पदर तसेच घट्ट. आणि उलटे. मी खाली फरशीवर बसले.

काल ती न्यायला आली तेव्हा पोरगी बाहेर स्कूटीवरच थांबली होती. मी ओट्याला टेकून उभी होते. म्हटलं, "तो धागा बाबांनं नोहता बांधला. म्या बांधला होता." ती धनुष्याची नवी दोरी बोटानं छेडून बघत होती. मान वर न करता म्हणाली, "मालूम हाय." "कवापासून?" "तवापासूनच. दुसरा बाण उडाला तवा पाह्यलं ना दोरीकडं. धागा उलटा होता. आपल्या सगळ्याइत डावरी तू एकटीच." मी विचारलं, "मंग बोलली काहून नाही? एवढे वरीस?" तेव्हा तिनं माझ्याकडं पाहिलं, थोडं वेडीकडं बघावं तसं. "सर सगळ्यायसमोर बोलले ना, माह्यी चूक हाय म्हणून. मंग म्या सरले खोटं कशी पाडू?" मग म्हणाली, "दोरी सर फेकून राह्यले होते. म्या मांगून घेतली. देल्ली त्यायनं. हात ठेवला डोक्यावर, बस." आणि पुन्हा दोरी छेडली, डोळे मिटून. "आत्ता बरोबर हाय," ती म्हणाली. पहिल्यांदाच हे माझ्या कामाला कुणी म्हटलं, आणि म्हणावं ते तिनंच.

मी माफी मागितली. नीट मागितली, हात जोडून. ती "जाऊ दे वं" म्हणाली आणि चहा मागितला. आता मला हलकं वाटायला पाहिजे, असं लोक सांगतात. मला काल रात्रभर तुमचाच राग येत राहिला. माझ्या हातचा पुरावा तुम्ही तिच्या हाती दिला आणि तिच्यावर विश्वास ठेवून निर्धास्त मेलात. मला रीळ दिला. तुम्हाला ठाऊक होतं की ती तुमची लाज राखेल, आणि तिनं राखली, तुमच्या एका खोट्यासाठी अठ्ठावीस वर्षं. मीही गप्प होते, पण मी भिऊन गप्प होते. मुलगी मी तुमची, आणि मुलीसारखं वागली ती. हे तुम्ही जिवंत असतानाच तुम्हाला कळलं होतं, हे मला सहन होत नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, टाकायला जागाच नाही. तुमच्या बिस्किटाच्या डब्यात ठेवीन, गुण्या आणि रिळाजवळ. आता डबा उघडतेच आहे तर एक सांगून टाकते. काल मी तिला चहा गाळून दिला, बॅग भरून दिली, चेन लावून दिली. जुनी दोरी मात्र तिच्यात परत ठेवली नाही. ती इथं डब्यात आहे. आज सकाळी मैदानावर तिनं मेणासाठी तो कप्पा उघडला असेल, तिला कळलं असेल कुणी घेतली ते. दुपार झाली, तिचा फोन आला नाही. विचारणारही नाही ती कधी, मला माहीत आहे.