आबाला बेटावर न्यायचंय

माय, आबाला समुद्र दाखवायला न्यावं म्हणून मी घरी आलोय, आणि आबा जागचा हलायला तयार नव्हता. तुला जरा मागपासून सांगायला लागेल, कारण तू गेलीस तेव्हा मी सहावीत होतो आणि नंतर मी कुठं कुठं फिरलो याचा तुला पत्ता नाही. नववीत शाळा सुटली. मंठ्याला टायरच्या दुकानात राहिलो, तिथून एका ट्रकवर क्लीनर, ट्रकवरून हैदराबाद, हैदराबादहून चेन्नई. का, ते मलाही सांगता येत नाही. पुढं अजून एक गाव आहे असं कोणी म्हटलं की माझ्या पायाला खाज सुटते. चेन्नईच्या बंदरात एक जहाज उभं होतं, ते अंदमानला जातं म्हणाले, बसलो. आता तिथं पाहुण्यांची गाडी चालवतो. शहराचं नाव सरकारनं बदललंय, पण आम्ही ड्रायव्हर लोक अजून पोर्ट ब्लेअरच म्हणतो. अक्का सगळ्यांना सांगत फिरते की ह्याचं बूड कुठं टेकत न्हाई, देवानं बेटावर नेऊन टाकलं तेच बराबर झालं, चहूकडून पाणी हाय, आता पळंल कुठं.

जहाजावरची पहिली सकाळ तुला सांगायचीच राहिली होती. उठून वर आलो तर जमीन नाही. आपल्या माळावर उभं राहिलं की चारी बाजूंनी आभाळ खाली टेकलेलं दिसतं ना, तसंच टेकलेलं, पण ज्याच्यावर टेकायचं तेच हलतंय. लांबवर लाटांच्या पाठी वरखाली होत होत्या, आणि मला क्षणभर खरंच वाटलं की मेंढरं चाललीत. टेकाडावरून आपलं खांड दिसायचं, पाठीला पाठ लावून एका दिशेनं सरकणारं, तसं. फक्त या खांडाला शेवट नव्हता आणि राखणारं कोणी नव्हतं. मी कठड्याला धरून उभा राहिलो, चहा हातात गार झाला. तेवढ्यात पाण्यातून चिमण्यांचा थवा उडावा तसे मासे उडाले, बारीक बारीक, चांदीच्या पत्र्यासारखे, आणि परत पाण्यात शिरले. शेजारचा एक म्हातारा तमिळ माणूस माझं तोंड बघून हसला. त्याला म्हणावं वाटलं, तुला रोजचं आहे बाबा, माझ्या घरात पाणी म्हणजे हापशाचं. त्या दिवसापासून डोक्यात एकच होतं की हे आबानं बघायला पाहिजे. तूही बघायला पाहिजे होतंस, पण ते आता राहू दे.

तर आमच्या मालकानं कबूल केलंय, गाडी एक दिवस तुझी, बापाला फिरव, डिझेल तेवढं तुझं. एकच दिवस. म्हणून तो दिवस नीट आखायला पाहिजे, आणि आखणं हे तर माझं रोजचं काम. मी ओट्यावर बसून आबाला मोबाईलवर नकाशा दाखवला, पाहुण्यांना सांगतो त्याच सुरात सांगितलं: सकाळी पूर्वेच्या किनाऱ्याचा रस्ता धरायचा, एका अंगाला नारळ, एका अंगाला समुद्र, मध्ये एका खाडीपाशी नारळपाणी, दुपारी जेवण, मग दक्षिणेच्या टोकाला जंगलातून उतरून मावळतीचा सूर्य. आबाला तू बघशील तर ओळखणार नाहीस. मेंढरं विकली त्याला वर्षं झाली, आता चार शेळ्या आहेत, त्यांना बाभळीखाली सोडतो आणि आपण डोळे मिटून बसतो. मला वाटलं झोपला. मग डोळे न उघडताच म्हणाला, "सकाळी उगवतीकडं तोंड करून नेणार मला? ऊन सारं डोळ्यात. तुला मेंढरातला म्हणावं का काय?"

मी विसरलोच होतो. सकाळी खांडाचं तोंड मावळतीकडं, दुपार कलली की उगवतीकडं, ऊन नेहमी पाठीवर. ऊन तोंडावर आलं की मेंढरू मान खाली घालतं, चरत नाही, एकमेकाच्या पोटाखाली डोकं लपवतं. मग मी नकाशा उलटा केला. सकाळी पश्चिमेचा किनारा, तेव्हा सूर्य पाठीशी. दुपारी आतल्या झाडीत सावली. आणि कलत्या उन्हात पूर्वेचा रस्ता खाली दक्षिणेकडं, समुद्र डाव्या हाताला, म्हणजे तू बसशील त्या अंगाला, असं आबाला सांगितलं. बेट उजव्या हाताला राहतं म्हटल्यावर त्यानं डोळे उघडले. "देव उजव्या हाताला ठिवून फिरतो, तसं मंग," म्हणाला. माय, मी त्या रस्त्यानं किती चकरा मारल्यात, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. आख्ख्या बेटाची प्रदक्षिणा. मी हरखून गेलो, म्हटलं आता हा येतोय.

मग तो विचारत गेला. पाणी खारं, तर जितराबं काय पितेत? मी म्हटलं, पाऊस लई पडतो, ओढे आहेत. वाटेत एक खोलगट जागा लागते, तिथं लोकांची भातशेती होती. सुनामी आली तेव्हा जमीनच खाली बसली आणि समुद्र आत शिरला तो परत गेलाच नाही, अजून पाण्यात वाळलेली झाडं उभी आहेत. हे आबानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, बांध कुठं होता हे त्यांना आता वळखू येत असंल का. पाहुणे तिथं फोटो काढतात. हा प्रश्न अजून कोणी विचारला नाही. दिवस कधी मावळतो, हेही त्यानं विचारलं. पाचच्या सुमाराला अंधारून येतं म्हटलं, तर त्याला पटेना. सूर्य एकच ना रे, म्हणाला. मी दोन हातांनी दाखवलं, सूर्य आधी त्यांच्याकडं जातो, मग आपल्याकडं येतो, म्हणून उगवतोही आधी आणि मावळतोही आधी. आबा आभाळाकडं बघत राहिला, जसा काय सूर्यानं इतकी वर्षं त्याच्यापासून काहीतरी लपवलं होतं.

आणि तिथंच सगळं अडलं. "पुढं कोण गेलंय?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, खोली सांगून ठेवलीय, माझा एक मित्र आहे, तो स्टेशनला... म्हणजे विमानतळाला येईल. "तसं न्हाई. पुढं कोण गेलंय?" मी परत मोबाईल पुढं केला. मग तो उठला, शेळ्या सोडल्या, आणि जाता जाता म्हणाला, "मंग मी न्हाई येत."

अक्काला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, म्हातारा भ्यालाय विमानाला, नाटकं करून राह्यलाय. मलाही आधी तसंच वाटलं. पण दिवसभर ते डोक्यात फिरत राहिलं आणि मग मला तू दिसायला लागलीस. आपण अंबडच्या अंगाला उतरायचो, अंकुशनगरच्या कारखान्याचा ऊस तुटला की रिकाम्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला. आबा मेंढरं घेऊन आडरानातून फिरत फिरत यायचा, आणि तू सगळं बिऱ्हाड घोड्यावर लादून सरळ वाटेनं पुढं. पाटीत कोकरं, त्यांच्या शेजारी मी. अनोळखी रानात शिरलीस की आधी चिमूटभर माती उचलून सोडायचीस, ती कुठं उडते बघायचीस, आणि मग चुलीचे दगड मांडायचीस. मला तेव्हा वाटायचं की रान तुझ्याशी बोलतंय. तू चूल पेटवलीस की ते रान रान राहायचं नाही, घर व्हायचं. दिवस कलल्यावर आबा धुराच्या रोखानं यायचा. त्याच्या सगळ्या जन्मात तो अशा ठिकाणी कधी गेलाच नाही जिथं तू आधी पोचलेली नव्हतीस. ती गोष्ट मला आत्ता, एवढं फिरून आल्यावर, दिसली. जगात इतका साधा बंदोबस्त कोणाचा असेल?

त्याच वाटेवर एकदा मी डांबराच्या रोलरमागं गेल्तो. तो रोलर इतका हळू चालला होता की त्याच्या बरोबरीनं चालता येत होतं, आणि त्याच्या चाकाखालून रस्ता आरशासारखा निघत होता. तू घोडा बांधून, चूल पेटवून, परत मागं मला शोधत आलीस. मारलं नाहीस. एवढंच म्हणालीस, "बगायचं तेवढं बग. पण चूल पेटायच्या आत ये. चूल पेटली अन् माणूस न्हाई, तर ती पेटवायची कोणासाठी?" मग माझं तोंड पदरानं पुसलंस आणि तूही घटकाभर तो रोलर बघत उभी राहिलीस.

काल आबाला मोटरसायकलवर बसवून अक्काकडं कुंभार पिंपळगावला नेलं. म्हटलं, ती तरी समजावेल. तिनं वरण-भाकरी वाढली आणि टोमणेही. आयुष्यभर रानात झोपला, अन् आता पलंगावर झोपायला भेतो, म्हणाली. जावयानंही दोन शब्द सांगून बघितले. आबा जेवत राहिला. मला दोन दिवसांनी परत निघायचं होतं, सीझन सुरू झालाय, मालक थांबणार नाही, आणि गाडीचा तो एक दिवस परत मिळेल याचा भरोसा नाही. निघताना आबा म्हणाला, आलोच हावोत तर गंगेकडून जाऊ.

गोदावरीला पाणी बऱ्यापैकी होतं. आम्ही गाडी वर लावून खाली उतरलो. त्या काठावर आपला शेवटचा तळ होता, जिथं तुझा ताप उतरलाच नाही. तुझी राख आबानं इथंच सोडली होती, मला खांद्यावर घेऊन, मोठा झालो होतो तरी. जागा मला नीट ओळखता आली नाही, त्याला आली. तो पाण्यात घोट्यापर्यंत उभा राहिला आणि पाठमोराच बोलला.

"हे कुठं जातं?"

"नांदेडकडून तेलंगणात, तिथून आंध्रात. मंग समुद्रात."

"कोणच्या समुद्रात?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझ्याच अंगावर काटा आला, माय. इतक्या वेळा नकाशा बघितला, इतक्या वेळा त्या पाण्याच्या कडेनं गाडी हाकली, आणि हे मला सुचलं नाही. "माझ्याच," म्हटलं. "बेट त्याच समुद्रात हाय, आबा. त्याचंच पाणी."

तो वळला नाही. पाणी त्याच्या पायांभोवती फिरून पुढं जात होतं, तो ते बघत होता, आणि मी त्याला बघत होतो. इतका वेळ गेला की एक बगळा येऊन आमच्या जवळ बसला.

"मंग ती गेली म्हणायची पुढं," तो म्हणाला.

घरी येताना मागं बसून त्यानं आखायला घेतलं. गंगेचं पाणी बेटाच्या कोणत्या अंगाला लागतं, विचारलं. मी म्हटलं, देश पश्चिमेला, म्हणजे पश्चिमेच्या. मग संध्याकाळी तिथंच थांबायचं, म्हणाला, दिवस मावळेपर्यंत. मी वाऱ्यात ओरडून सांगितलं की आबा, ऊन सगळं डोळ्यात येईल, तुझाच नियम आहे. तर म्हणाला, "येऊ दे." दिवस परत उलटा झाला, सकाळी पूर्व आणि संध्याकाळी पश्चिम, म्हणजे मी आधी जे सांगत होतो त्याच्याच जवळ आलो. आता तो आत झोपलाय. घोंगडी झटकून, गुंडाळून, सुतळीनं बांधून ठेवलीय. तिथं उकडतं म्हटलं तरी ऐकत नाही. शेळ्या शेजारणीला सांगून झाल्या.

हा कागद पोस्टात टाकायचा नाहीच. इथं कोनाड्यात उघडा राहिला तरी चालेल, आबाला वाचता येत नाही. म्हणून लिहितो. घरी आल्यावर मी मोबाईलवर गोदावरी बोटानं धरून खाली खाली नेली. माय, मध्ये लई ठिकाणी अडवलंय तिला, बंधारे, धरणं, एकेक तर आपल्या तालुक्याएवढं पसरलेलं. एवढ्यातून मूठभर राख पार होते का, कुठं गाळात बसते, का कोणाच्या उसाला जाते, मला माहीत नाही. आबानं वाटेत परत एकदा विचारलं होतं, बराबर तिथंच जातं ना? मी म्हटलं, बिलकुल.