काळ्या हिलमनवर पाळत

१ डिसेंबर १९८३, गुरुवार

आजपासून रोजनिशी. रिटायर होऊन आठ महिने झाले, झोपा काढणं पुरे. भाचा शिवा त्याचा जुना क्लिक थ्री कॅमेरा देऊन गेला. आत कोरा रोल. बारा फोटो निघतात.

संकल्प: वाशीच्या रस्त्यावर अजून आपल्या पायांनी चालणाऱ्या बारा जुन्या गाड्या. एका गाडीला एकच फोटो. सव्वीस जानेवारीला सोसायटीच्या जिन्याखाली प्रदर्शन.

हिला सांगितलं. म्हणाली, "जुनं बघायचं तर घरात आरसा आहे की."

मिलमध्ये बत्तीस वर्षं बॉयलर सांभाळला. शाळा चौथीपर्यंत, पण आवाजावरून यंत्राचं दुखणं ओळखतो. माणसाचंही ओळखतो.

४ डिसेंबर, रविवार

पहिला फोटो. लँडमास्टर, डेपोसमोर. चालवणाऱ्या गृहस्थाने काच खाली करून विचारलं, आरटीओचे का? नाही म्हटलं तर पटेना. लोक फार संशयी झालेत.

संध्याकाळी शेवंताबाई आल्या. आमच्या सरूसाठी स्थळ आणलंय. मुलगा सुधीर तांबे, बेलापूरला ड्राफ्ट्समन. सरूच्याच बसला असतो म्हणे. "साधी माणसं हो धर्मराजभाऊ, कुर्ल्याहून बसने येतील, चहा घेतील, पोरगी बघतील."

सरू सत्तावीसची झाली. दोन ठिकाणी नकार पचवून बसलीय. आज मुलाचं नाव ऐकलं आणि कणकेत पाणी जास्त पडलं तिच्या हातून. सात वर्षांची होती तेव्हापासून कणीक मळते, कधी पाणी चुकलं नाही. हे स्थळ हातचं जाऊ द्यायचं नाही.

८ डिसेंबर, गुरुवार

फोटो दोन, तीन. एपीएमसी मार्केटात कांद्याच्या पोत्यांनी भरलेली स्टुडबेकर, मागची सीट काढून टाकलेली. जीव तुटला. मॉरिस मायनर एक, भाजीवाल्याने टपावर काकडी वाळत... नाही, काकडी कोण वाळत घालतं. मिरच्या असाव्यात. चष्मा पुसायला हवा.

डी विंगमध्ये चोरी झाली. पितळी डबे गेले. आमच्या घरी सरूच्या चार बांगड्या आहेत, हिने वीस वर्षं पै-पै साठवून केलेल्या. सावध राहायला हवं. मी संशयी नाही. सावध आणि संशयी यात फरक आहे.

११ डिसेंबर, रविवार. सकाळी ११

डुक्कर फियाट मिळाली (फोटो चार). परत येतो तो आमच्या बिल्डिंगसमोर साक्षात हिलमन मिंक्स! एक्कावन्नची असणार. काळी कुळकुळीत. नंबर BMY ३३१२. अशी गाडी वाशीत! फोटो पाच काढला.

मग नजरेला आलं. गाडीची मागची बाजू खाली बसलेली. अडाणी माणूस म्हणेल, स्प्रिंगचा पाटा मोडला असेल. मी म्हणतो, डिकीत वजन आहे. उरणच्या किनाऱ्यावर काय काय उतरतं ते पेपरात येतंच.

आतून माणूस उतरला. साठीचा, पांढरा शर्ट, केसांना तेल. बिल्डिंगमध्ये शिरला नाही. उभा राहून बाल्कन्या मोजल्या. आमच्या बाल्कनीवर नजर थांबली. हिचं लुगडं वाळत होतं. मग गाडीत बसून निघून गेला.

दुपारी १

हिला सांगितलं. "असेल कोणी घर शोधणारा. जेवा." म्हणाली. पुढे म्हणाली, मुलाकडचे येण्याआधी आडून चौकशी करतीलच, तेव्हा चार दिवस नीट कपडे घालून फिरा. मी म्हटलं, चौकशी कसली? प्रामाणिक माणूस सरळ दारात येतो. आडून चौकशी करतो तो चोर.

१२ डिसेंबर, सोमवार

संकल्पात किरकोळ बदल. एका गाडीला एक फोटो, हिलमन सोडून. तो आता छंद राहिला नाही, पुरावा आहे.

१८ डिसेंबर, रविवार

आली! तीच वेळ. मी गुलमोहराच्या मागे बसलो होतो, दीड तास. गुडघ्यांनी बंड केलं. फोटो सहा आणि सात.

तो खाली श्यामसुंदरच्या वाणसामानाच्या दुकानात गेला. गूळ घेतला अर्धा किलो. एवढ्या लांब गाडी आणून अर्धा किलो गूळ! तो गेल्यावर श्यामसुंदरला धरलं. म्हणाला, "काका, तुमचंच विचारत होता. सकपाळ महाडकडचे ना, घरात कोण कोण, मुलगी कुठे जाते, कधी येते, स्वभावाने कशी."

अंगावर काटा आला. पार महाडपर्यंत माहिती काढलीय. टोळी मोठी दिसते. आणि सरूच्या जाण्यायेण्याच्या वेळा! म्हणजे घर रिकामं कधी असतं ते हवंय.

श्यामसुंदर म्हणाला, मी काहीच बोललो नाही, गिऱ्हाईक होतं. जाताना जय भीम घातला त्याने. बघा, समाजातलाच आहे असं भासवून विश्वास संपादायचा. अशांना पुरून उरलोय मी.

१९ डिसेंबर, सोमवार

तोडगा सापडला. चोराला घरात काही नाही हे कळलं तर तो येईल कशाला? श्यामसुंदरला पढवलं: पुन्हा विचारलं तर सांग, सकपाळांकडे फुटका मणी नाही. कर्ता पुरुष डोक्याने गेलेला, कोणी घरी आलं की अंगावर धावतो. आणि मुलगी? तिचं काय सांगू म्हणाला. मी म्हटलं, सांग दिवसभर घरातच असते, दारावर वरवंटा घेऊन बसते.

श्यामसुंदर म्हणाला, "काका, एवढं नको." मी म्हटलं, एवढं हवंच.

चांगुणाबाईलाही सांगून ठेवलं. जुहूगावची, दारावर कोलंबी घेऊन येते. ती म्हणाली, "मामा, मना काय कलत नाय. पर तुमी सांगतास तसा सांगन. मी बोलाया लागली का मानूस परत येत नाय." गुणी बाई.

आज बरी झोप लागेल.

२२ डिसेंबर, गुरुवार

शेवंताबाई आल्या होत्या. चेहरा उतरलेला. मुलाकडचे जरा मागेपुढे करतायत म्हणे. कारण सांगत नाहीत. ही काळजीत. स्वयंपाक सरूने केला. जेवणात मीठ नव्हतं.

कोणीतरी आमच्याबद्दल भलतंसलतं पसरवतंय. कोण असेल? वरच्या मजल्यावरची मुक्ताबाई? पाण्यावरून वाद झाला होता. नजर ठेवायला हवी.

२५ डिसेंबर, रविवार

आज सामना. हिलमन आली, फोटो आठ, नऊ. तो उतरून कोलंबीच्या टोपलीजवळ गेला. चांगुणाबाई हातवारे करून बोलत होती. एकदा तिने डोक्याजवळ बोट गरगर फिरवलं. एकदा वरवंटा उगारल्यासारखा केला. कामाची बाई!

तो ऐकत होता, मान हलवत होता. मग त्याने सहज वळून पाहिलं आणि मी गुलमोहरामागे दिसलो, कॅमेरा डोळ्याला. फोटो दहा. तो दोन पावलं मागे सरला, पटकन गाडीत बसला. गाडी तीनदा खोकली, चौथ्यांदा सुरू झाली.

घाबरला! सिद्ध झालं.

२९ डिसेंबर, गुरुवार

पोलीस चौकीत गेलो. नंबर, वर्णन, तारखा, सगळं एका कागदावर सुवाच्य लिहून नेलं. हवालदार वाचून म्हणाला, "आजोबा, रविवारी एका गृहस्थाने इथेच तोंडी सांगितलंय. सेक्टर नऊमध्ये एक म्हातारा झाडामागे बसून पेटी रोखतो म्हणून."

चोराच्या उलट्या बोंबा! मी हवालदाराला तेच म्हटलं. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, घरी कोण कोण असतं तुमच्या? यालाही घरची माहिती हवी. कागद परत घेऊन आलो.

१ जानेवारी १९८४, रविवार

शेवटचे दोन फोटो, अकरा आणि बारा. हिलमन आज थांबली नाही, दुरून वळून गेली. म्हणजे पळ काढला. घर वाचलं, सरूच्या बांगड्या वाचल्या. हिला सांगितलं की तुमच्या सगळ्यांवरचं संकट मी एकट्याने टाळलं. ती म्हणाली, "कांदे चिरा."

नवीन वर्षाचा संकल्प: राहिलेल्या सात गाड्या, दुसरा रोल.

४ जानेवारी, बुधवार

आनंदाची बातमी. मुलाकडचे येत्या रविवारी येणार. शेवंताबाई म्हणाल्या, बाप नको म्हणत होता, पण सुधीरने हट्टच धरला. "घरात मणी नसला तरी चालेल, बाप कसाही असला तरी चालेल" असं म्हणाला म्हणे. हे कसलं बोलणं? शेवंताबाईंना विचारलं तर त्यांनी पदराने तोंड पुसलं. तरी मुलगा मनाचा मोठा दिसतो.

सरूने आज कणकेत पुन्हा पाणी जास्त घातलं.

८ जानेवारी, रविवार. सकाळी १०

इस्त्रीचा शर्ट. पोहे तयार. बस साडेदहाला येते. बाल्कनीत उभा आहे.

१०.२०

हिलमन!! आजच्या दिवशी! पाहुण्यांसमोर तमाशा होण्याआधी खाली जाऊन सोक्षमोक्ष लावतो. हिला सांगत नाही. हाताशी काही हवं म्हणून वरवंटा घेतला.

दुपारी ३

लिहिवत नाही. पण लिहितो.

खाली जाऊन मी गाडीसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, उतर. मागचं दार उघडून आधी शेवंताबाई उतरल्या. मग पेढ्यांचा पुडा घेतलेला एक उंच मुलगा. मग पांढरा शर्ट, केसांना तेल.

शेवंताबाई म्हणाल्या, "हे सिताराम तांबे. मुलाचे वडील." मग माझ्या हाताकडे बघून म्हणाल्या, "धर्मराजभाऊ, वरवंटा."

सितारामराव शांतपणे मुलाला म्हणाले, "मी काय सांगत होतो?"

वर पोहे झाले. कोणी चव घेतली की नाही देव जाणे. हळूहळू उलगडा झाला. गाडी त्यांची नाहीच. दादरच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांची, हे तीस वर्षं त्यांचे ड्रायव्हर. डॉक्टर आता बाहेर पडत नाहीत, पण गाडीचे सांधे धरू नयेत म्हणून दर रविवारी हे तिला फिरवून आणतात. त्यातच पोरीची चौकशी उरकायची असं ठरवलेलं. आज बसऐवजी गाडी आणली, कारण बसस्टॉपवरून चालत येताना कोणी अंगावर आलं तर, म्हणाले, निदान काचा तरी लावता येतील.

मी विचारलं, डिकीत काय असतं? म्हणाले, स्टेपनी. मागचा पाटा मोडलाय.

सितारामराव म्हणाले, मधल्या एका बुधवारी बसने येऊन वाण्याला पुन्हा विचारलं, त्याने सांगितलं तेव्हा मी अर्धंच खरं धरलं होतं. मासेवालीने सांगितलं तेव्हा पाऊण. ही स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघत होती. त्या नजरेवर बॉयलर पेटला असता.

सरू ट्रे ठेवून म्हणाली, "सगळं बाबांनीच सांगायला लावलं असणार. माझ्या बांगड्यांसाठी." एवढंच. तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिने ओळखलं.

उठताना सितारामराव म्हणाले, कळवतो. दोन्ही नकारांच्या वेळी हाच शब्द होता. सरू ट्रे उचलून आत गेली.

संध्याकाळी ७

पुढचं. खाली गाडी सुरू होईना. खोकली, थांबली. बॅटरी गेलेली. सुधीर स्टेअरिंगवर बसला. सितारामराव मागून ढकलायला लागले, एकटे. मी वर उभा. मग खाली गेलो आणि खांदा लावला. न उघडताच राहिलेला पेढ्यांचा पुडा परत द्यायला सरू धावत आली. सुधीरने दार उघडलं, आत बस, चप्पल तुटेल म्हणाला. बसली.

खाडीपुलाच्या दिशेने दोन म्हातारे गाडी ढकलतायत. श्यामसुंदर दुकानाबाहेर, चांगुणाबाई टोपलीसकट रस्त्यात. "मामा, ह्यो चोर ना?" ती ओरडली. मी म्हटलं, नाही गं बाई, नाही.

सितारामराव धापा टाकत होते. मला विचारलं, मिलमध्ये काय होता? बॉयलर, म्हटलं. म्हणाले, मग दम असायला हवा. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "अहो व्याही, नुसता हात काय लावता, जोर लावा."

मी जोर लावला. इंजिन धडधडलं आणि हिलमन निघून गेली. मुलं आत, आम्ही दोघे रस्त्यावर, धुरात. पुढच्या काचेतून सरूची वेणी दिसत... मागच्या काचेतून. चष्म्यावर पाणी आलं होतं.

आयुष्यात एवढा चांगला फोटो समोर आला नाही. हात खिशाकडे गेला. रोल संपला होता.

१४ जानेवारी, शनिवार

प्रिंट आल्या. पहिल्या चारांत दोन हललेल्या, एकीत माझा अंगठा, एक बरी. बाकी आठ व्याह्यांच्या. त्यातल्या पाचांत गाडी नाहीच, नुसते ते. दहावा फोटो सर्वांत स्वच्छ आलाय. डोळे विस्फारलेले, तोंड उघडं. 

लग्नपत्रिकेबरोबर तोच पाठवू का, असं हिने विचारलं. सरूने काढून घेतला आणि पर्समध्ये ठेवला. म्हणाली, सुधीरला दाखवते.

प्रदर्शन रद्द.